मातीचे मौन

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

पुण्यनगरीत देवदर्शनासाठी येणारा यात्रेकरू लक्ष्मी रस्त्याने अथवा केळकर रस्त्याने नारायण पेठेत प्रवेश करतो, तेव्हा प्रथम त्याच्या कानांवर पडतो तो गजबजाट. वाहनांची वर्दळ, दुकानांतील लगबग, पुस्तकांचे गठ्ठे वाहणारे हमाल, फुलांच्या पुड्या बांधणारे हात. सारे काही घाईत असते. नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पेठ एका अंगाने मुठा नदीला टेकलेली आहे. लोकमान्य टिळकांचे वास्तव्य लाभलेला केसरीवाडा आणि तेथील मानाचा पाचवा गणपती याच पेठेत. मोदी गणपती व पत्र्या मारुती ही देवस्थानेही याच परिसरातील. आणि याच पेठेत 'माती गणपती' या नावाने ओळखला जाणारा गजाननही आहे.

देवाला लाभलेली नावे बहुधा त्याच्या पराक्रमाची, ऐश्वर्याची अथवा कृपेची असतात. विघ्नहर्ता, सिद्धिविनायक, चिंतामणी ही नावे उच्चारताच मन उंच जाते. 'माती' हा शब्द मात्र मनाला खाली, पायांकडे नेतो. ज्या वस्तूवरून मनुष्य दिवसभर चालतो, जी हाताला लागली तर तो झटकून टाकतो, तिचे नाव पेठेतील भाविकांनी देवाच्या नावाला जोडून घेतले. सर्वांत श्रेष्ठ आणि सर्वांत सामान्य यांची अशी गाठ घालणे हे भक्तीचेच काम आहे. त्या एका नावात एक संपूर्ण उपदेश सामावलेला आहे. तो समजून घेण्याचा हा अल्प प्रयत्न.

निःशब्द कारागीर

माती ही आपोआप असते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक माती ही घडवावी लागते, आणि तिचा कारागीर कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पुणे व सह्याद्रीचा हा सारा प्रदेश ज्या काळ्या खडकावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थिजलेला थर आहे. त्या कठीण पाषाणावर ऊन तापले, पाऊस पडला, दवाचे थेंब भेगांत शिरले, शेवाळाने त्यावर पाय रोवले, गवताच्या मुळांनी ती भेग केसभर रुंद केली. कोणताही आवाज झाला नाही, कोणी सोहळा केला नाही. बोटभर मातीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. मनुष्याच्या अनेक पिढ्या येतात आणि जातात, तेव्हा कोठे ओंजळभर माती जमते.

या कारागिरांपैकी एकाची ओळख जगाला करून देणारा ग्रंथ १८८१ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला. पुण्यात ज्या वर्षी 'केसरी' सुरू झाला, तेच हे वर्ष. ग्रंथकार होते चार्ल्स डार्विन, आणि विषय होता गांडूळ. १८४२ साली त्यांनी आपल्या घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरले आणि ते स्वस्थ राहिले. १८७१ साली, म्हणजे २९ वर्षांनी, तेथे चर खणून पाहिला. खडूचा थर पृष्ठभागाखाली सुमारे सात इंच गेलेला होता. कोणीही तो पुरला नव्हता. गांडुळांनी खालची माती कणाकणाने वर आणली आणि जुना पृष्ठभाग हळूहळू खाली गेला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती या जिवांच्या शरीरातून जाऊन वर येते, असा हिशेब त्यांनी मांडला. ज्या जिवाला डोळे नाहीत, कान नाहीत आणि हातपायही नाहीत, तो भूमी नांगरतो.

जगातील मोठी कामे मोठ्या आवाजाने होतात, असे मानणाऱ्या मनाला हा विचार करायला लावणारा दाखला आहे. बीज फुटते तेव्हा ध्वनी होत नाही. आईच्या उदरात बालक वाढते, रात्री दुधाचे दही होते, जखम भरून येते. यांपैकी एकाही घटनेची दवंडी पिटली जात नाही. सृष्टीची शक्ती शांत असते, याचा अर्थ ती दुर्बळ असते असा नव्हे. तिला घाई नसते आणि स्वतःजवळ काही राखून ठेवण्याची तिला इच्छा नसते, म्हणून ती शांत असते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर पुढील सारे विवेचन सहज उलगडेल.

एकवीस पत्रींचे शास्त्र

श्रीगणेशाच्या पूजेत एकवीस प्रकारची पत्री वाहण्याचा प्रघात आहे. त्यांत मोगरा, जाई, केवडा, डाळिंब यांसारख्या मानाच्या, अंगणात लावलेल्या वनस्पती आहेत. परंतु त्यांच्याच पंगतीला आघाडा आहे, माका आहे, धोत्रा आहे, डोरली आहे, रुई आहे. ही झाडे कोणी लावत नाही. आघाडा पडक्या भिंतीच्या कडेला उगवतो, माका ओलसर जागी पसरतो, रुई माळरानावर निकृष्ट जमिनीत तग धरते. पिंपळ तर जुन्या वाड्याच्या भिंतीच्या फटीतही डोके वर काढतो. ज्यांना मनुष्य तण म्हणून उपटून टाकतो, त्यांना पूजाविधीने देवाच्या मस्तकी स्थान दिले.

पूर्वी भाद्रपद मासात घरातील मुले पत्री गोळा करावयास बाहेर पडत, तेव्हा त्यांना प्रत्येक पान ओळखावे लागे. कोणते कोठे उगवते, कोणते तोडताना काटा लागतो, कोणाचा चीक डोळ्यांत जाऊ द्यावयाचा नाही, हे त्यांना आजी सांगे. आज पत्रीची जुडी बाजारात तयार मिळते. ती घेण्यात दोष नाही; परंतु त्यातील एकवीस पानांची नावे घरातील एकालाही सांगता येत नसतील, तर पूजा झाली, ओळख मात्र राहून गेली.

दूर्वेचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. दूर्वा उंच वाढत नाही. ती जमिनीला धरून पुढे सरकते, आणि तिचे पेर जेथे मातीला टेकते तेथे नवे मूळ धरते. वैशाखात ती करपून गेल्यासारखी दिसते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तीच हिरवी होते. पायाखाली तुडवली जाणारी ही तृणपाती मातीला घट्ट धरून ठेवतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर तिला वाहून जाऊ देत नाहीत. विघ्नहर्त्याला सुवर्णापेक्षा दूर्वा प्रिय का, या प्रश्नाचे एक उत्तर येथेही सापडते. जी नम्र राहून आधार देते, ती देवाला प्रिय.

न बोलता आणलेली गौरी

निसर्गाचे हे मौन आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, याची साक्ष घरातील एका साध्या रीतीत मिळते. अनेक कुटुंबांत गणपतीपाठोपाठ खड्यांच्या गौरी आणतात. नदीकाठचे किंवा विहिरीजवळचे साधे खडे धुऊन घेतले जातात. घरातील मुलगी अथवा सुवासिनी ते घेऊन घरी येते. कित्येक घरी असा दंडक असतो की पाणवठ्यापासून देवघरापर्यंत तिने एक शब्दही बोलावयाचा नाही. त्यासाठी तोंडात पाण्याची चूळ धरण्याची रीतही आहे. घंटा वाजते, दारात पायांवर पाणी घातले जाते, हळदीकुंकू वाहिले जाते. परंतु जी गौरी घेऊन येते ती मुकी असते.

मुखवटा नाही, शालू नाही, दागिने नाहीत. पाण्याच्या प्रवाहाने वर्षानुवर्षे घासून गोल केलेला दगड, हेच देवीचे रूप. त्या दगडाला आकार देणारी नदी ज्या रीतीने काम करते, त्याच रीतीने, म्हणजे न बोलता, त्याला घरात आणावे, असा या प्रघाताचा भाव घेता येतो. दिवसातून निदान घटकाभर तरी अशी असावी की ज्यात मनुष्य काही वाहून नेत आहे आणि त्याविषयी काहीही बोलत नाही. पाहुण्यांच्या गर्दीत राबणारी गृहिणी, रुग्णाच्या उशाशी जागणारा मुलगा, पहाटे देवळाच्या पायऱ्या झाडणारा सेवेकरी हे सर्वजण खड्यांच्या गौरीच वाहून नेत असतात.

कच्चे मडके, पक्के मडके

मातीचा विचार करताना तेरच्या गोरोबाकाकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे त्यांचे गाव, कुंभारकाम हा त्यांचा व्यवसाय. संतमेळ्याची ती कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मुक्ताबाईंनी गोरोबांचे थापटणे पाहून ते कशासाठी, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे ओळखण्यासाठी, असे उत्तर मिळाले. मग या जमलेल्या मडक्यांचीही परीक्षा व्हावी, असे ठरले. गोरोबांनी एकेका संताच्या मस्तकी थापटणे मारले. सारे शांत राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला. हे मडके कच्चे, असा निर्णय झाला.

कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. नामदेवांना त्या निर्णयाने दुःख झाले, परंतु ते तेथेच रुसून बसले नाहीत. परंपरा सांगते की ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले, आणि देव नाही अशी जागा जगात नाही, हे ज्ञान घेऊन परतले. पुढे याच नामदेवांनी पंजाबपर्यंत भक्तीचा ध्वज नेला आणि शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांच्या रचनांना स्थान मिळाले. कच्चे म्हटले गेलेले मडके असे पक्के भाजले गेले की त्यातील पाणी दूरदेशीच्या तहानलेल्यांनाही पुरले.

येथे मातीचे दोन धर्म वेगळे करून पाहावेत. मडक्याची माती भाजावी लागते, कारण तिला इतरांसाठी पाणी धरावयाचे असते. पार्थिव मूर्तीची माती कच्चीच ठेवावी लागते, कारण तिला पाण्यात परत जावयाचे असते. एकाच मातीला कोठे पक्के व्हावे आणि कोठे कच्चे राहावे, हे कळते. माणसाची गफलत येथेच होते. कर्तव्याच्या ठिकाणी तो कच्चा राहतो आणि ममत्वाच्या ठिकाणी पक्का होतो. दिलेला शब्द पाळण्यात, वृद्धांची सेवा करण्यात, संकटात शेजाऱ्यासाठी उभे राहण्यात मनुष्याने भाजलेल्या मडक्यासारखे असावे. हे माझे घर, ही माझी कीर्ती, हे मी केलेले काम, या भावनांत मात्र कच्च्या मूर्तीसारखे असावे. पाण्याचा स्पर्श होताच विरघळण्याची तयारी ठेवावी.

१२ जुलै १९६१

निसर्गाच्या शांत शक्तीविषयी बोलताना नारायण पेठेने त्याच शक्तीचे दुसरे रूपही पाहिले आहे, हे विसरता येणार नाही. १२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा पेठ येथील असंख्य घरे पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर वाड्यांच्या चौकांत, देवघरांत, स्वयंपाकघरांत चिखलाचे थर उरले. कित्येक कुटुंबे कायमची विस्थापित झाली. सहकारनगर, गोखलेनगर यांसारख्या भागांत पूरग्रस्तांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पेठेतील वृद्धांच्या बोलण्यात 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' अशी कालगणना पुढे दीर्घकाळ राहिली.

पानशेतचे धरण मातीचे होते, आणि त्याचे काम पूर्ण होण्यापूर्वीच त्यात पावसाचे पाणी साठले. काम उरकण्याची घाई झाली होती. मातीचा बांध खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी वाळूच्या पोत्यांची भिंत रचून रात्रभर झुंज दिली. त्या झुंजीमुळे बांध रात्री न फुटता सकाळी फुटला आणि झोपेत गाठले गेले असते असे कितीतरी जीव वाचले. पुणेकरांनी त्या अनाम जवानांचे ऋण कधीही विसरू नये. एका बाजूला मनुष्याची घाई होती, दुसऱ्या बाजूला मनुष्याचीच निष्ठा होती; माती मात्र दोन्ही वेळा तीच होती. मातीला बसावयास, मुरावयास आणि घट्ट व्हावयास वेळ लागतो. तो वेळ तिला दिला, तर तीच माती धरणाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या पेलते. तिच्यावर सक्ती केली, तर ती वाद घालत नाही. ती केवळ वाट सोडते.

आजही पावसाळ्यात खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला की पेठेजवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातील रस्ता दिसेनासा होतो. लोक काठावर उभे राहून पाणी पाहतात. नदीने आपली जागा विसरलेली नाही, एवढेच ते पाणी दरवर्षी सांगून जाते.

विसर्जन म्हणजे परत करणे

गणेशचतुर्थीला ज्या मूर्तीची पूजा होते, तिला 'पार्थिव' म्हणतात. पृथ्वीपासून झालेली ती पार्थिव. मराठीत हाच शब्द आणखी एका ठिकाणी उच्चारला जातो. प्राण गेल्यानंतर जे शरीर उरते, त्यालाही पार्थिव म्हणतात. हा योगायोग मानू नये. प्राणप्रतिष्ठेने मातीत देवत्वाचे आवाहन करावयाचे, काही दिवस तिच्याशी बोलावयाचे, तिला नैवेद्य दाखवावयाचा, आणि उत्तरपूजेनंतर हातावर दही घालून, जागेवरून किंचित हलवून, तिला निरोप द्यावयाचा. ज्या घरात दर भाद्रपदात असा निरोप दिला जातो, त्या घरातील माणसे नकळत एक कठीण पाठ गिरवीत असतात. प्रिय वस्तू सोडून द्यावी लागते, आणि तिला सोडणे हा तिचा अनादर नसतो.

तथापि विसर्जनाला अर्थ येतो तो मूर्ती खरोखर परत जाते तेव्हा. शाडूची मूर्ती पाण्यात ठेवली की काही तासांत तिचा आकार मावळतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती तशी मावळत नाही. जिप्सम नावाचा खनिज दगड भट्टीत तापवून हे चूर्ण करतात. पाणी मिसळताच ते काही मिनिटांत घट्ट होते. काम झटपट होते, मूर्ती हलकी व स्वस्त पडते. शाडूची मूर्ती मात्र सावलीत सावकाश वाळवावी लागते. उन्हाची घाई केली तर तिला तडे जातात. प्लास्टरची मूर्ती लवकर जन्मते आणि लवकर जात नाही. अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी भग्न अवयव पाहून ज्याचे मन व्याकूळ झाले नाही, असा भक्त विरळा.

हा प्रश्न केवळ पुण्याच्या घाटापुरता नाही. नारायण पेठेला लागून वाहणारी मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळामुठा पुढे भीमेला मिळते. भीमा उजनी धरणातून पुढे सोलापूर जिल्ह्यात वाहते आणि पंढरपुरी चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा होते. आषाढीला ज्या वाळवंटात लक्षावधी वारकरी स्नान करतात, त्या पाण्यात पुण्याच्या घाटांवरून गेलेले पाणीही असते. येथे श्रद्धेने सोडलेले तेथे श्रद्धेने मस्तकी घेतले जाते. तेव्हा येथील भाविकाने काय सोडावे, याचा विचार तेथील भाविकासाठीही करावयाचा आहे.

सुदैवाने या दिशेने बरेच कार्य झाले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली दिलेल्या सुधारित सूचनांत विरघळणाऱ्या नैसर्गिक मातीच्या मूर्तींचा आग्रह धरला आहे. पुण्यातच पाषाण येथे असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या मूर्तींचे घरच्या घरी विघटन करण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची पद्धत सुचवली. तीत मूर्ती हळूहळू विरून खताला उपयोगी असे अमोनियम सल्फेटचे पाणी आणि खडूसारखा गाळ उरतो. घाटांवरील विसर्जन हौद आणि निर्माल्य कलश हेही याच जाणिवेचे फळ होय.

नातवाचा प्रश्न

कीर्तनात सांगावा असा एक साधा दृष्टांत येथे पुरेसा ठरेल. एका वाड्यातील सहासात वर्षांच्या नातवाने शाडूच्या मातीचा गणपती केला. सोंड जरा वाकडी झाली, एक कान मोठा झाला. परंतु घरच्यांनी त्याच मूर्तीची पूजा केली. विसर्जनाच्या दिवशी चौकात पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ ठेवले, तेव्हा नातू मूर्तीला बिलगला.

"आजी, मी केलेला गणपती आहे. तो पाण्यात गेला तर संपेल."

आजीने त्याची समजूत घालण्याची घाई केली नाही. ती म्हणाली, "बाळा, तू काय केलंस? माती केलीस का?"

"नाही. माती तू आणलीस. मी नुसता आकार केला."

"मग जे तुझं आहे, ते तुझ्या हातातच राहणार आहे. जे मातीचं आहे, ते मातीला देऊ या."

रडतरडतच त्याने मूर्ती पाण्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी वर नितळ पाणी होते आणि तळाशी मऊ गाळ. पाणी कुंड्यांना घातले. गाळ कापडावर वाळवून आजीने डब्यात भरला आणि डबा माळ्यावर ठेवला. पुढल्या श्रावणाच्या अखेरीस तोच डबा खाली आला. पाणी शिंपडून माती मळली गेली. नातवाचे हात आता वर्षाने मोठे होते. या वेळी सोंड सरळ आली. त्याने हळूच विचारले, "आजी, हा तोच गणपती ना?" आजीने उत्तर दिले नाही. ती केवळ हसली.

निरोप देताना पुढच्या वर्षी लवकर येण्याची विनवणी का करतात, हे त्या बालकाला त्या दिवशी कळले. जे परत केले जाते, तेच परत येऊ शकते. डब्यात कुलूपबंद करून ठेवलेली मूर्ती पुन्हा कधी आली नसती. ती केवळ जुनी झाली असती.

रोजच्या घरातील सृजन

सृजन हा शब्द ऐकताच शिल्पकार, चित्रकार, कवी डोळ्यांसमोर येतात. त्यांचे कार्य थोर आहेच. परंतु घराघरांत रोज जे घडते, त्याकडेही पाहावे. पहाटे उंबऱ्याशी काढलेली रांगोळी सायंकाळपर्यंत पुसली जाते. उकडीच्या मोदकाला बोटांच्या चिमटीने एकेक कळी पाडली जाते आणि मोदक तुपात बुडवून दोन घासांत संपतो. देवाचा हार दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतो. नवरात्रात घटाखाली पेरलेले धान्य नऊ दिवसांत वाढते आणि दसऱ्याला शिलंगणाच्या पागोट्यात खोवले जाते. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर आळीव पेरतात, आणि सुटी संपताच तो किल्ला पुन्हा ढिगारा होतो.

यांपैकी कशावरही कर्त्याचे नाव कोरलेले नसते. तरीही रांगोळी काढणाऱ्या स्त्रीने उद्या ती पुसली जाणार म्हणून आज रेघ वाकडी काढलेली नसते. टिकणार नाही हे ठाऊक असूनही नीट करणे, हीच निष्काम कर्माची घरगुती पाठशाळा होय. सृष्टीही असेच करते. प्राजक्त रात्रभर फुलतो आणि सूर्योदयाला सारी फुले खाली टाकून मोकळा होतो. दुसऱ्या रात्री तितक्याच मनोभावे पुन्हा फुलतो.

दान आणि परतफेड

देवस्थानात येणारा भाविक यथाशक्ती दान करतो. ते दान देताना मातीचा हा धर्म स्मरला, तर त्याला अधिक शोभा येईल. दान म्हणजे आपल्याकडील काही देवाला देणे, अशी आपली समजूत असते. वास्तविक आपल्या हाती आलेला प्रत्येक दाणा मातीने दिलेला आहे. शेतकऱ्याच्या श्रमाने, गांडुळाच्या अबोल कष्टाने आणि पावसाच्या कृपेने तो आपल्यापर्यंत आला. दान ही देणगी नव्हे, ती परतफेड आहे. या भावनेने दिलेले अकरा रुपयेही दात्याला हलके करतात. अहंकाराने दिलेली लक्ष रुपयांची रक्कम त्याला अधिक जड करते.

आणि ज्याच्यापाशी धन नाही, त्यानेही रिक्तहस्ते जाण्याचे कारण नाही. मंदिराच्या आवारातील तुळशीला घातलेले तांब्याभर पाणी, निर्माल्यातून वेगळी काढलेली प्लास्टिकची पिशवी, नदीत काही न टाकण्याचा मनोमन केलेला संकल्प, रांगेत उभ्या वृद्धेला न बोलता दिलेली पुढची जागा, हेही दानच आहे. त्याची पावती मिळत नाही. सृष्टीच्या दानाचीही कोठे पावती मिळते?

दर्शन घेऊन परतताना भाविकाने क्षणभर मंदिराच्या पायरीशी थांबावे. चपला घालण्यापूर्वी तळपायांना लागलेली धूळ झटकण्याची घाई करू नये. ती साडेसहा कोटी वर्षांच्या खडकाची लेक आहे. तिने देवाला देह दिला, दूर्वेला आधार दिला, पुराचा घाव सोसला आणि एका शब्दाने कधी आपली थोरवी सांगितली नाही. एक दिवस ती आपल्यालाही मायेने आपल्यात घेणार आहे. तोपर्यंत तिच्याप्रमाणे सावकाश, नीटस आणि निर्लेप काम करीत राहण्याची बुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥